रुजलेला ॲस्परॅगस दुसऱ्या वाफ्यात हलवून देणारी सेवा: मध्य न्यू जर्सीतील एक अनुभव

रुजलेला ॲस्परॅगस, म्हणजे एकदा लावले की वर्षानुवर्षे दर वसंतात भाजीचे कोवळे कोंब देणारे पीक, मुळांसकट उचलून नव्या वाफ्यात लावून देण्याचे काम आम्ही मध्य न्यू जर्सीतील एका लहान बागकाम कंपनीकडे सोपवले होते. त्यानंतरचे दोन हंगाम पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण या पिकाच्या बाबतीत काम झाले त्या दिवशी, किंबहुना त्या वर्षीही, कामाची खरी पारख करता येत नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. वसंत ऋतूत अंगण साफ करून देणाऱ्या, उन्हाळाभर गवत कापणाऱ्या आणि विचारल्यास झाडेही हलवून देणाऱ्या अशा कंपन्या येथे गावोगावी आहेत आणि त्यांची काम करण्याची व दर लावण्याची रीत बहुतांशी सारखीच असते. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: खोदकाम उत्तम, लागवड मध्यम आणि सल्ला जवळजवळ नाहीच. चार-पाच वर्षांपर्यंतच्या झाडांसाठी ही सेवा घेण्यात अर्थ आहे. त्याहून जुन्या झाडांसाठी तेवढे पैसे मोजू नयेत.

एकदा बसलेला ॲस्परॅगस शक्यतो हलवू नये, हे या पिकाची थोडीफार माहिती असलेला कोणीही सांगेल. नीट सांभाळलेला वाफा पंधरा-वीस वर्षे सहज कोंब देतो, म्हणून तो मुळात अशा जागी करतात की जेथे पुन्हा कुदळ लागणार नाही. आमच्याकडे मात्र पर्याय उरला नव्हता. भारतातून येऊन काही महिने राहणाऱ्या आई-वडिलांना जिना चढणे अवघड होऊ लागल्यामुळे तळमजल्यावर एक खोली वाढवायची होती, आणि नगरपालिकेच्या नियमांप्रमाणे हद्दीपासून सोडायचे अंतर सोडल्यावर ती ज्या बाजूला बसत होती, नेमक्या त्याच बाजूला वाफा होता. त्यात दोन ओळी होत्या. एक आधीच्या घरमालकांनी लावलेली ‘मेरी वॉशिंग्टन’ जातीची, बरीच जुनी. दुसरी आम्ही लावलेली ‘जर्सी नाइट’ची, चार हंगाम पाहिलेली. योगायोगाने या दोन ओळींमुळे तरुण आणि वयस्क झाडे हलवण्यातला फरक एकाच वाफ्यात, एकाच माणसांच्या हातून झालेल्या कामात पाहता आला.

या जातींविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण कंपनीच्या माणसांनी त्याबद्दल एकदाही विचारले नाही. ‘मेरी वॉशिंग्टन’ ही अमेरिकी कृषी खात्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तांबेरा रोगाने पूर्व किनाऱ्यावरील ॲस्परॅगसची शेती उद्ध्वस्त होऊ लागल्यावर निवडून काढलेली जात आहे. तिच्यात नर आणि मादी अशी दोन्ही झाडे निघतात. मादी झाडांना शरद ऋतूत लाल फळे धरतात, त्यांचे बी सांडते आणि वाफ्यात जागोजागी रोपे उगवून तणासारखी माजतात. ‘जर्सी नाइट’ आणि तिच्या बहिणी मात्र येथल्याच रटगर्स विद्यापीठात हॉवर्ड एलिसन यांच्या दीर्घ संशोधनातून तयार झालेल्या, जवळजवळ केवळ नर झाडे देणाऱ्या संकरित जाती आहेत. बी धरण्यात शक्ती खर्च होत नसल्याने त्यांना कोंब अधिक येतात, तांबेऱ्याला त्या चांगल्या तोंड देतात आणि आमच्याकडच्या तांबड्या, चिकट मातीतही तग धरतात. हलवण्याचा खर्च कोणत्या झाडावर करावा, याचे निम्मे उत्तर या माहितीतच आहे, आणि ते ग्राहकाला सांगणे हे अशी सेवा देणाऱ्याचे काम आहे असे मला वाटते.

ॲस्परॅगस हलवणे गुलाबाचे किंवा जास्वंदीचे झाड हलवण्यासारखे का नाही, हे जमिनीखाली काय असते ते पाहिल्यावर कळते. ज्यांनी गावाकडे शतावरी खणताना पाहिली आहे त्यांना कल्पना येईल, कारण शतावरी ही याच कुळातली: मध्ये गड्डा आणि त्याच्याभोवती बोटाएवढ्या मांसल मुळांचा झुबका. खाण्याच्या ॲस्परॅगसची मुळे शतावरीपेक्षा बारीक, पेन्सिलीएवढी असतात, परंतु ती चहूबाजूंनी कित्येक फूट पसरतात. उन्हाळ्यात पिसाऱ्यासारख्या पाल्याने तयार केलेले अन्न या मुळांत साठते आणि पुढच्या वसंतात त्याच साठ्यावर कोंब निघतात. असे मांसल मूळ एकदा तुटले की ते तुटल्या टोकाकडून पुन्हा वाढत नाही. गड्डा जसजसा पुढे सरकतो तसतशी त्याला नवी मुळे फुटतात. याचा अर्थ असा की हलवताना जेवढी मुळे मागे राहतील तेवढे भांडवल कायमचे गेले. जुना गड्डा आडवा वाढत वाढत परातीएवढा होतो, दरवर्षी थोडा वर सरकतो आणि शेजारच्या गड्ड्याच्या मुळांत इतका गुंततो की एकाला धक्का न लावता दुसरा काढणे अशक्य होते. दोन-तीन वर्षांच्या झाडाचा गड्डा एवढा पसरलेला आणि गुंतलेला नसतो.

कंपनीशी पहिला मतभेद वेळेवरून झाला. हे काम झाड सुप्तावस्थेत असतानाच करावे लागते: एकतर शरद ऋतूच्या शेवटी पाला पूर्ण पिवळा पडल्यावर, किंवा वसंताच्या तोंडाशी जमीन वितळल्यावर आणि कोंब वर येण्यापूर्वी. मध्य न्यू जर्सीत कोंब साधारण एप्रिलच्या मध्यानंतर दिसू लागतात, म्हणजे मार्चचा शेवट आणि एप्रिलचा पहिला आठवडा एवढाच काळ हाती असतो. अंगणे साफ करण्याच्या कामांची झुंबड नेमकी त्याच दिवसांत असल्याने कंपनीने आम्हाला मेच्या अखेरीची तारीख दिली आणि ‘भरपूर माती घेऊन उचलले की कोणतेही झाड कधीही हलते’ असे निश्चिंतपणे सांगितले. झुडपांच्या बाबतीत ते एक वेळ चालेल; परंतु मेच्या अखेरीस ॲस्परॅगसच्या मुळांतला साठा कोंब काढण्यात खर्च झालेला असतो, नवा साठा तयार करणारा पाला नुकता उलगडत असतो आणि अशा वेळी मुळे तोडणे म्हणजे झाडाला दोन्हीकडून नागवणे होय. आग्रह धरल्यावर त्यांनी मार्चच्या अखेरची तारीख दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मात्र ती देताना वाढीव दर लावला.

प्रत्यक्ष खोदकामाच्या दिवशी आलेल्या तीन जणांचे काम पाहून मी खरोखर प्रभावित झालो. खोदण्यापूर्वी 811 क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेणे येथे कायद्याने बंधनकारक आहे. ही सेवा विनामूल्य असते, किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते आणि अनेक लहान कंत्राटदार हे सरळ ग्राहकावर ढकलतात. या कंपनीने ते स्वतःहून केले होते. त्याचा फायदाही लगेच दिसला: नव्या वाफ्यासाठी आम्ही आखलेल्या जागेच्या एका कडेवरून पिवळ्या झेंड्यांची, म्हणजे गॅसवाहिनीची, रांग गेलेली होती आणि वाफा तेथून सरकवावा लागला.

त्यांच्यातील प्रमुख कारागीर मूळचा ग्वाटेमालाचा, शेतकरी घरातला. त्याने आधी प्रत्येक झुबक्यापासून दीड-दोन फूट लांब गोल आखून घेतला, पात्याच्या फावड्याऐवजी चार दातांचा फोर्क वापरायला लावला आणि चारही बाजूंनी माती सैल झाल्याशिवाय कोणाला गड्डा उचलू दिला नाही. फोर्कच्या दातांमधून मुळे निसटतात, पात्याखाली ती कापली जातात, एवढा साधा फरक असला तरी घाईत असलेल्या माणसाकडून तो पाळला जात नाही. उचललेले गड्डे त्यांनी ताडपत्रीवर, सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवले. मार्चमधल्या कोरड्या वाऱ्यात उघडी मुळे पाहता पाहता सुकतात. तेथे दाखवलेली ही काळजी पुढच्या सगळ्या तक्रारी मांडतानाही विसरता येत नाही. तरुण ओळीतील गड्डे मुळांच्या चांगल्या झुबक्यासह निघाले. जुन्या ओळीतील गड्डे मात्र दोघांना मिळून उचलावे लागले आणि इतकी काळजी घेऊनही त्यांची निम्मी-अधिक मुळे जमिनीतच राहिली असावीत.

येथवर काम उत्तम चालले होते. मग आले गड्ड्यांचे विभाजन, आणि या सेवेची सर्वांत खटकणारी बाब मला येथे दिसली. अंदाजपत्रकात दर ‘प्रति झाड’ असा लिहिलेला होता. जुने गड्डे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ते सोडवताना काही ठिकाणी कापावे लागणार, हे मान्य. सुप्तावस्थेत गड्डा विभागता येतो आणि प्रत्येक तुकड्याला ठसठशीत डोळे व मुळांचा पुरेसा झुबका असेल तर तो जगतोही. परंतु कंपनीच्या मालकाने दुपारी येऊन एकेका जुन्या गड्ड्याचे तीन-तीन, चार-चार तुकडे करायला सांगितले आणि बिलात प्रत्येक तुकडा स्वतंत्र झाड म्हणून धरला. आम्हाला आता अधिक झाडे मिळत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. कागदावर ते खरे होते. प्रत्यक्षात त्यातील लहान तुकड्यांना दोन-तीन डोळे आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुळे उरली होती. शिवाय कापलेला प्रत्येक पृष्ठभाग म्हणजे बुरशीला उघडे दार. जुन्या ॲस्परॅगसच्या वाफ्यात फ्युजेरियम बुरशी बहुधा असतेच. आपल्याकडे हरभऱ्याच्या आणि तुरीच्या मर रोगामागे याच बुरशीच्या जाती असतात. बरीच वर्षे एका जागी असलेला गड्डा कापून नव्या स्वच्छ मातीत लावताना आपण रोगही सोबत नेत असतो. एका गड्ड्यावरून दुसऱ्याकडे जाताना सुरी पुसलीही जात नव्हती. ती आम्ही सांगितल्यावर स्पिरिटने पुसली जाऊ लागली.

लागवडीच्या पद्धतीत जाणकारी आणि घाई यांचे विचित्र मिश्रण होते. सहा इंच खोल सरी, तिच्या तळाशी मधोमध मातीचा छोटा वरंबा, त्या वरंब्यावर गड्डा ठेवून मुळे दोन्ही बाजूंना पसरलेली, दोन गड्ड्यांत दीड फूट आणि दोन ओळींत चार-पाच फूट अंतर: हे सगळे त्या कारागिराने न सांगता बरोबर केले. पूर्वी फूटभर किंवा त्याहूनही खोल सऱ्या घेण्याची रीत होती. आता येथील विद्यापीठांची विस्तार केंद्रे सहा ते आठ इंचच पुरेसे मानतात आणि चिकट मातीत तर अधिक खोली घातकच ठरते. पुढची पायरी मात्र चुकली. गड्ड्यावर आधी दोन-तीन इंच माती टाकून, कोंब वर येतील तसतशी उरलेली सरी उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने भरावी, असा आमचा आग्रह होता. कंपनीला पुन्हा फेरी मारायची नसल्याने सरी त्याच संध्याकाळी जमिनीच्या पातळीपर्यंत भरून, वर पाय देऊन दाबून टाकली गेली. दक्षिण जर्सीतील वाळूमिश्रित, भुसभुशीत जमिनीत, जेथे या राज्यातील ॲस्परॅगसची बरीचशी व्यापारी शेती चालते, एकदम भरलेली सरीही चालून जाते. आमच्याकडची तांबडी माती पावसानंतर पाट्यासारखी घट्ट होते आणि मुळे गमावलेल्या गड्ड्याला तिच्यातून कोंब वर ढकलणे जड जाते. दुसऱ्या दिवशी आम्हीच हाताने माती मोकळी करून वरचा थर बाजूला ओढला.

मातीविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही, याचे आश्चर्य वाटले. ॲस्परॅगसला मातीचा सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या दरम्यान लागतो; आम्लधर्मी मातीत तो खुरटतो आणि फ्युजेरियमचे फावते. आम्ही आदल्या वर्षीच रटगर्सच्या प्रयोगशाळेकडून माती तपासून घेतली होती आणि सामू सहाच्या खाली आल्यामुळे शरद ऋतूतच चुना घालून ठेवला होता, कारण चुन्याचा परिणाम व्हायला काही महिने लागतात. हे न करणाऱ्या ग्राहकाकडेही कंपनीने तसेच गड्डे पुरून दिले असते. उलट अंदाजपत्रकात नसलेले, लाल रंग दिलेले लाकडी आच्छादन चार इंच जाड पसरून देण्याचा प्रस्ताव मात्र उत्साहाने पुढे आला. तो आम्ही नाकारला. आच्छादन पुढे पाला वाढल्यावर आम्ही स्वतः, वाळलेल्या पानांचे आणि पातळ थराचे केले. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला सुमारे एक इंच पाणी मिळेल अशी व्यवस्था करावी, हेही कोणी सांगितले नाही.

आता परिणामांविषयी. पहिल्या वसंतात एकही कोंब कापायचा नाही, सगळे वाढू द्यायचे, हे पथ्य आम्ही पाळले. तरुण ओळीतील दहाच्या दहा झाडे उगवली. कोंब पहिल्या वर्षी बारीक होते, परंतु ऑगस्टपर्यंत पाला छातीएवढा झाला आणि दुसऱ्या वसंतात त्यांनी बोटाएवढे जाड कोंब दिले. दोन-तीन आठवडे कापून आम्ही थांबलो. कांदा-मिरचीवर परतून, वर थोडे खोबरे घालून त्यांची भाजी होते आणि कोवळ्या कोंबांवर बेसन पेरले तर घरात मुलेही मागून घेतात, एवढे येथे सांगितले तर वाचक क्षमा करतील. जुन्या ओळीची कहाणी वेगळी आहे. अखंड ठेवलेल्या गड्ड्यांपैकी बहुतेक जगले, पण दोन हंगामांनंतरही त्यांचे कोंब सुतळीसारखे आहेत. तुकड्यांपैकी निम्म्याहून कमी उगवले. जे उगवले त्यांतील काही जुलैत पिवळे पडून वाळले आणि उकरून पाहिल्यावर गड्ड्याचा गाभा तांबूस तपकिरी झालेला दिसला. कंपनीला कळवल्यावर उत्तर आले की एका वर्षाची हमी त्यांनी विकलेल्या झाडांना असते, ग्राहकाच्या स्वतःच्या झाडांना नसते. हे करारात बारीक अक्षरांत होते, त्यामुळे तक्रार करता येत नाही. ज्या तुकड्यांना बिलात ‘झाड’ म्हटले होते, त्यांचे पैसे मात्र पूर्ण घेतले गेले.

पैशांचा हिशेब मांडला की चित्र आणखी स्पष्ट होते. आम्हाला प्रति झाड पंचवीस डॉलर पडले, घाईच्या हंगामाचा अधिभार वेगळा. रोपवाटिकांमध्ये एक वर्षाचे, सुप्तावस्थेत मातीविना उघड्या मुळांसह मिळणारे ‘जर्सी’ जातींचे गड्डे नगाला दोन-तीन डॉलरच्या आसपास मिळतात. नवा गड्डा लावला तर पहिल्या वर्षी काही कापायचे नाही, दुसऱ्या वर्षी थोडेसे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून सहा-आठ आठवड्यांचा पूर्ण हंगाम. चार वर्षांचे झाड नीट हलवले तर पहिले वर्ष सोडून दुसऱ्या वर्षी थोडे आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण, म्हणजे फार तर एक वर्ष वाचते. मातब्बर, ओळखीच्या झाडांसाठी एवढे मोल द्यायला मी पुन्हा तयार होईन. पंधरा वर्षांच्या, अर्धी मादी झाडे असलेल्या, रोगाची शक्यता असलेल्या ओळीसाठी हाच दर लावला तर त्यात एक वर्षही वाचत नाही, उलट जाते. मालकाने पहिल्या भेटीतच ‘ही ओळ सोडून द्या, नवे गड्डे आणा, आम्ही लावून देऊ’ असे सांगितले असते तर त्याचे बिल निम्मे झाले असते आणि मी त्याचे नाव येथे ठळक अक्षरांत दिले असते.

ज्यांना तरीही ही सेवा घ्यायची आहे त्यांनी दर प्रति झाड न ठरवता कामाच्या तासांवर किंवा ओळीवर ठरवावा, सुप्तावस्थेतील तारीख लेखी घ्यावी, सरी भरण्यासाठी मे आणि जूनमधील दोन लहान फेऱ्या अंदाजपत्रकात आधीच मागाव्यात आणि विभाजन आपल्या परवानगीशिवाय होणार नाही असे लिहून घ्यावे. कामाच्या दिवशी घरी राहणे शक्य नसेल तर हे काम दुसऱ्याला देऊच नये. आमच्याकडे ज्या गोष्टी निभावल्या त्यातील निम्म्या कोणीतरी शेजारी उभे राहिल्यामुळे निभावल्या, आणि उरलेल्या त्या एका कारागिराच्या हातगुणामुळे. पुढच्या वेळी तोच येईल याची खात्री कंपनी देत नाही.

जुन्या जागेचा प्रश्न कंपनीच्या कामात धरलेलाच नव्हता. बांधकामातून वाचलेल्या कडेच्या पट्ट्यात मागे राहिलेल्या तुकड्यांतून आणि सांडलेल्या बियांतून पुढच्या वसंतात कोंब वर आले आणि ते वर्षभर कापत राहावे लागले. त्या पट्ट्यात पुन्हा ॲस्परॅगस लावण्यात अर्थ नाही, कारण जुनी मुळे मातीत जे सोडून जातात त्याने आणि तेथे मुरलेल्या बुरशीने नव्या रोपांची वाढ खुंटते. सध्या तेथे घेवडा आणि मेथी आहे, आणि दोन्ही जोमात आहेत.